उकंडाला घरी कोणी नेलं?

माझ्या पक्षकारांत मेलेली माणसंच जास्त, असं माझी पत्नी म्हणायची. थट्टेनं म्हणायची, पण ते खोटं नव्हतं. वाशीमच्या कचेरीत माझ्या बरोबरीचे वकील बांधाचे, वाटणीचे, गहाणखताचे दावे चालवत. ते दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात आणि वकिलाचं घर उभं करतात. माझ्याकडे मात्र कसे कोण जाणे, मयताचे दावे येऊ लागले. एक जिंकला, त्यावरून दुसरा आला, आणि पुढं गावोगाव तेच नाव झालं. 'त्या मयतवाल्या वकिलाकडे जा,' असं लोक सांगत. आता सनद पेटीत ठेवून दिली आहे, तरी अजून एखादा माणूस डोक्याला पंचा गुंडाळून ओट्याशी येतो आणि विचारतो, ते मयतवाले वकील इथंच राहतात का?

बांधासाठी भांडणाऱ्या माणसाच्या अंगात रग असते. मयताच्या दाव्यात येणारं माणूस आधीच थकलेलं असतं. ते ओट्यावर बसतं, पाणी मागतं, आणि पहिलं वाक्य बहुतेक एकच असतं: "पैशासाठी नाई आलो, साहेब." मग मी त्याला समजावून सांगायचो की कायद्यापाशी द्यायला दुसरं काही नसतं. हे वाक्य मी इतक्या वेळा बोललो आहे की शेवटी शेवटी ते बोलताना मला स्वतःचाच कंटाळा येई.

बाहेरच्या माणसाला वाटतं, माणूस मेला की त्याचा दावाही मेला. तसं नसतं. माणूस दुसऱ्याच्या चुकीनं जखमी झाला आणि त्यातच गेला, तर दोन वेगळ्या गोष्टी उरतात. एक, जे त्याचं स्वतःचं नुकसान झालं: औषधपाण्याचा खर्च, अंथरुणावर पडल्यामुळे बुडालेली मजुरी. ते त्याच्या वारसांना मागता येतं. दुसरी, तो गेल्यामुळे घराचं जे बुडालं ते. ते मागायचा हक्क मात्र जुन्या कायद्यानं मोजक्या नात्यांनाच दिला होता: बायको, नवरा, आईबाप आणि मुलं. पुढं कारखान्यातल्या मजुरांसाठी भरपाईचा निराळा कायदा आला. त्यात मालकाची चूक दाखवायची गरज नव्हती. काम करताना आणि कामापायी जखम झाली आणि माणूस त्या जखमेनं गेला, एवढं शाबीत केलं की पुरे. लिहायला हे दोन ओळींत झालं. 'त्या जखमेनं गेला' हे शाबीत करण्यात माझी निम्मी हयात गेली.

या धंद्यात हसूही येई, नाही असं नाही. अनसिंगकडचा एक गृहस्थ चुलत्याच्या अपघाताची सगळी हकिकत सांगून बसला. मी लिहून घेतलं आणि विचारलं, चुलते वारले कधी? तो म्हणाला, "अजून हायत जी. पन लय दिवस नाई काढनार. म्हनलं, तयारी असू द्यावी." चुलता त्यानंतर बरीच वर्षं जगला आणि दर बाजाराच्या दिवशी मला रामराम घालायचा.

पण हसून विसरता येतील अशी माणसं थोडी. वाशीमच्याच एका कलईवाल्याला प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं उडवलं. महिनाभर पडून राहून तो गेला. त्याची मोठी बहीण माझ्याकडे आली. आईबाप लहानपणीच गेलेले. हिनंच त्याला वाढवलं, त्याच्यापायी स्वतःचा निकाह केला नाही. मी तिला सांगितलं, औषधपाण्याचा खर्च वारस म्हणून तुला मागता येईल. पण भाऊ गेल्याचं जे नुकसान, त्याच्या यादीत बहीण नाही.

"अम्मा है यादी में?" तिनं विचारलं.

"आहे."

"तो अम्मा मैंच थी ना उसकी."

खर्चाचा दावा केला, तो मिळाला. ती हुकूम न्यायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "दवा का मिल गया, वकीलसाब. भाई का नहीं मिला." माझा मोहरीर अजीज मियाँ, म्हणजे माझे कागद लिहिणारा आणि पक्षकारांची ऊठबस सांभाळणारा माणूस, तिला कोपऱ्यापर्यंत पोचवून आला.

आता उकंडाची गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच लिहायला बसलो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची चार-पाच वर्षं असतील. उकंडा हा रिठदचा माळी. गावाजवळ विहिरीवरचा लहानसा मळा, त्यात वांगी, मिरची, मेथी. मळ्यावर घर भागत नव्हतं, म्हणून कापसाच्या हंगामात तो वाशीमच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला येई. कोणत्या जिनात ते लिहीत नाही. मालक गेले, मुलं भली आहेत.

ज्यांनी जिन आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर लांबच लांब ओळीत सरकी काढायच्या गिन्या. त्यांच्यापुढे बाया बसून कापूस घालतात. गिन्यांच्या खाली बोळ असतो, अंधारा, माणूस वाकून चालेल एवढाच. त्या बोळात एक लोखंडी दांडा सारखा फिरत असतो आणि त्याच्यावरून चामड्याचे पट्टे वर गिन्यांकडे गेलेले असतात. त्या दांड्याला तेल द्यायचं काम उकंडाचं. नियमानं दांडा थांबवून तेल द्यावं. पण हंगामात दांडा थांबवला तर वरच्या सगळ्या गिन्या थांबतात आणि जाबर, म्हणजे मजुरांवरचा मुकादम, शिव्या घालतो. म्हणून फिरत्या दांड्यालाच तेल घालायचा रिवाज होता. एक दिवस उकंडाच्या बंडीची बाही पट्ट्यात गेली आणि बाहीबरोबर हात गेला.

जिनवाल्यांनी त्याला सरकारी दवाखान्यात पोचवलं. डॉक्टरांनी जखम धुतली, दोन बोटं काढून टाकली, हात बांधला. आठवडाभराच्या आत त्याला बैलगाडीत घालून घरच्यांनी रिठदला नेलं. घरी आल्यावर काही दिवस तो बराही वाटला. मग एका सकाळी त्याची दातखीळ बसली. धनुर्वात होता. तीन दिवस तो धनुष्यासारखा वाकत राहिला आणि गेला.

त्यानंतर काही आठवड्यांनी दोन बाया माझ्या ओट्यावर आल्या. एक पन्नाशीची, उन्हानं काळी पडलेली, डोक्यावर भाजीची रिकामी पाटी. दुसरी विशीची. म्हातारी ओट्याच्या एका टोकाला बसली, तरणी दुसऱ्या टोकाला. अजीज मियाँ आत येऊन मला हळूच म्हणाला, "साहब, एकच घर की दिखती हैं, मगर पानी अलग-अलग माँग रही हैं."

म्हातारी उकंडाची आई कौतिका. तरणी त्याची बायको द्रुपदा. मूलबाळ नव्हतं. उकंडाचा बाप केव्हाच वारलेला. म्हणजे दावा या दोघींचाच होता आणि तो दोघींनी मिळूनच करायचा होता. मी विचारायला सुरुवात केली तशी कौतिकानं सुनेकडे न बघता हात केला.

"हिनं मारलं माह्या पोराले. इचारा तिले. डाक्तर नाई नाई म्हने, अजून जखम कच्ची हाय म्हने. हिनं गाडी जोडली आन घेऊन आली. मी मळ्यात होती. घरी आली तं दारात गाडी उभी."

मी द्रुपदाकडे पाहिलं. ती खाली बघून म्हणाली, "त्यायनंच म्हनलं, मले घरी ने. रोज म्हनत. माहा हात धरून म्हनत."

"तो तापात होता!" कौतिका म्हणाली. "तापातल्या मानसाचं आयकते का कोनी?"

"मंग काहून नाई आयकाचं, आत्याबाई? रडून राह्यले होते ते."

हे बोलणं त्यांच्या घरात रोज होत असणार, हे मला त्यांच्या सुरावरून कळलं. मी दोघींना सांगितलं की कायद्यापुरतं बघायचं तर जखम कामावर झाली, जखमेतून विष गेलं, माणूस मेला. घरी कोणी नेलं हा आपला प्रश्न नाही. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

पण जिनवाल्यांनी नेमका तोच प्रश्न केला. त्यांनी अकोल्याचा एक हुशार वकील दिला. गोड बोलणारा, स्वच्छ पगडी, इंग्रजी अस्खलित. त्यानं लेखी उत्तर दिलं की दवाखान्यात जखम स्वच्छ होती; घरच्यांनी डॉक्टरचं न ऐकता माणूस उचलून शेणामातीच्या घरात नेला; विष तिथं शिरलं; तेव्हा हे मरण कामावरच्या अपघाताचं नसून घरच्यांच्या अविचाराचं आहे. तरीही मालक दयाळू असल्यामुळे, जबाबदारी कबूल न करता, मागितलेल्यातला काही भाग भरून द्यायला तयार आहेत, प्रकरण इथंच मिटावं.

तो काही भाग अगदीच थोडा नव्हता. मी थकलो होतो. अकोल्याच्या फेऱ्या, मोटारीतली धूळ, तारखा. हातात येतंय ते घ्यावं असा माझा सल्ला होता. मी दोघींना बोलावून तसं सांगितलं.

कौतिका लगेच म्हणाली, "घेऊन टाका साहेब. भाजी इकून इकून कंबर गेली माही. मळ्याची मोट अलग मोडली."

द्रुपदा म्हणाली, "नाई."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"नाई घ्याचं," ती पुन्हा म्हणाली. "तो कागद पुरा वाचा ना साहेब. त्याच्यात लिवलं हाय का नाई, घरच्यायनं मारलं म्हनून? आन तेच कबूल करून मी पैसे घेऊ?"

"तसं कबूल होत नाही," मी म्हणालो. "कोणी काहीच कबूल करत नाही. मालकही नाही, तुम्हीही नाही. प्रश्न तसाच राहतो."

"तेच म्हन्ते मी. तसाच राह्यते ना? गाव रोज म्हन्ते, नवऱ्याले उठवून आनलं हिनं. आत्याबाई रोज म्हन्तेत. मी सोता रोज म्हन्ते मनात. कोनी एक डाव मोठ्या मानसानं इचार करून सांगावं का हो का नाई. सायबानं म्हनलं का हिनं मारलं, तं मारलं. मंग मले एक पैसा नोको."

मी तिला समजावलं, पुन्हा समजावलं, थोडा रागावलोही. एका फैसल्यापायी दोघींच्या तोंडचा घास घालवू नको म्हणालो. ती हलली नाही. मग मी कौतिकाकडे पाहिलं, की ही तरी सुनेला दटावेल. कौतिका बराच वेळ सुनेच्या तोंडाकडे बघत होती. मग पाटी उचलत म्हणाली, "तिले लढाचं हाय तं लढू द्या. माह्यानं भांडनं नाई होत आता."

मुकदमा अकोल्याला चालला. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं, आणि तिथले एक जज्जसाहेब या कायद्यापुरते कमिशनर म्हणून बसत. सडपातळ, चष्मेवाले, फार कमी बोलणारे. त्यांच्या मनातलं काही कळत नसे.

सुनावणीच्या दिवशी आम्ही पहिल्या मोटारीनं गेलो. मी आत कागद लावत होतो तेवढ्यात अजीज मियाँ घाईघाईनं आला.

"साहब, उनका वकील बुढ़िया को नीम के नीचे ले गया है. बहुत मीठा बोल रहा है. मैं पास से गुजरा तो कह रहा था, माय, तू फक्त खरं सांग. सुनेनं नेलं, एवढंच. तुझा हिस्सा आम्ही बिनतक्रार भरतो."

त्याचा डाव साधा होता. सून स्वतःच्या अविचाराचा मोबदला मागते आहे असं दाखवायचं, तिला दाव्यातून उडवायचं आणि आईला तिचा वाटा देऊन मोकळं व्हायचं. कौतिकाला यात काहीच खोटं बोलायचं नव्हतं. जे ती माझ्या ओट्यावर आणि रिठदच्या चावडीवर बोलत आली होती तेच साहेबापुढं बोलायचं. वर पैसाही मिळत होता. मी बाहेर जाऊन तिला बाजूला घ्यावं असं मनात आलं, पण तेवढ्यात पुकारा झाला.

डॉक्टरांना वाशीमला परत जायचं होतं म्हणून त्यांची साक्ष आधी झाली. सरळ माणूस. त्यांनी सांगितलं, धनुर्वाताचं विष जखमेतून जातं. जखम नसती तर हा धनुर्वात झाला नसता. मी बसलो. जिनवाल्यांचा वकील उठला.

"रोगी दवाखान्यात राहिला असता तर वाचला असता?"

"सांगता येत नाही. दवाखान्यातही या रोगानं माणसं गेलेली आहेत."

"पण वाचलाही असता?"

"वाचलाही असता."

मागं बाकावर द्रुपदा बसली होती. मी वळून पाहिलं नाही.

"नेऊ नका असं तुम्ही बजावलं होतं?"

"हो."

"कोणाला?"

"घरची बाई होती. तोंडावर पदर होता. कोण ते मला सांगता येणार नाही. रोज पुष्कळ बाया येतात."

मग कौतिकाचा पुकारा झाला. ती पिंजऱ्यात उभी राहिली आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले: मुलगा कोण, कुठं कामाला, कमाई घरात देत होता का. त्या एका गोष्टीचं नाव मी काढलं नाही. मग पगडीवाला वकील उठला. त्याच्या चेहऱ्यावर झाडाखालचं ते गोड हसू अजून होतं.

"माय, उकंडाला दवाखान्यातून घरी कोणी नेलं?"

कौतिका म्हणाली, "मी नेलं."

वकिलानं कानाला हात लावला. "नीट ऐक, माय. डॉक्टर नको म्हणत असताना गाडी जोडून कोणी नेलं?"

"मी नेलं म्हनलं ना. आयकू नाई आलं का तुमाले? मी त्याची माय होय. पोरगं म्हने मले घरी ने, मी नेलं."

"तुमची सून तिथं होती ना?"

"होती. गाडीत मांगं बसली होती. तिले काय इचाराचं? कालची पोर ते. मायले नाई म्हननार तं कोनाले म्हनन तो?"

वकिलाला झाडाखालचं बोलणं तर साहेबापुढं काढता येईना. त्यानं तोच प्रश्न आणखी दोनतीन वाटांनी फिरवून विचारला. कौतिका एकेका वाटेवर तशीच उभी राहिली. शेवटी साहेबांनीच त्याला बसा म्हणून खूण केली.

त्यानंतर द्रुपदा. तिनं सासूकडे पाहिलं. सासू भिंतीकडे बघत होती. वकिलानं पहिलाच प्रश्न तो विचारला. द्रुपदा बोलेना. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि स्वतः मराठीत विचारलं, "बाई, नवऱ्याला घरी कोणी नेलं?"

इतका वेळ ती याच प्रश्नासाठी भांडत आली होती. मोठ्या माणसानं विचार करून सांगावं म्हणून तिनं हातातला पैसा सोडला होता. आता खरं बोलली तर सासू त्याच पिंजऱ्यात खोटी साक्ष दिली म्हणून उभी राहणार.

ती म्हणाली, "आत्याबाईनं सांगतलं ते आयकलं ना तुमी."

साहेबांनी मान हलवली आणि लिहून घेतलं.

बाहेर ओसरीत आल्याबरोबर द्रुपदानं सासूचा दंड धरला. मी जवळच होतो. त्यांना माझं भान नव्हतं.

"आत्याबाई, तुमी तं त्या दिवशी मळ्यात होत्या!"

"होती."

"मंग असं काहून बोलल्या?"

"तर काय बोलू? तुह्यं नाव लिवू देऊ तिथं? ते कागद जलमभर राह्यतेत." कौतिकानं दंड सोडवून घेतला. "तुले अजून जगाचं हाय. उद्या कोनी पाटाचं इचाराले आलं तं? नवऱ्याले मारलेली बाई म्हनून कोन दारात उभं करन तुले? माह्यं काय. मले कोन इचाराले येते आता."

"पन घरी तं तुमीच मले..."

"घरातलं घरात," कौतिका म्हणाली. "मी माय होय. मी म्हनीन. त्या पगडीवाल्यानं कायले म्हनाव?"

आणि ती मोटारीच्या अड्ड्याकडे चालू लागली. वाशीमपर्यंत दोघी एका बाकावर बसून आल्या. अजीज मियाँनं पातूरला सगळ्यांसाठी चहा आणला. दोघींनी घेतला.

हुकूम आमच्या बाजूनं झाला. मरण जखमेमुळेच आलं, असं साहेबांनी लिहिलं. घरी नेण्याबद्दल मोजकंच, पण स्पष्ट लिहिलं होतं. मी दोघींना ओट्यावर बसवून इंग्रजीतून मराठीत सांगितलं: जखमी मुलानं विनवलं आणि आईनं त्याला घरी नेलं, हे कोणत्याही आईनं केलं असतं, याला अविचार म्हणता येणार नाही आणि याच्यामुळे मालकाची जबाबदारी कमी होत नाही.

कौतिका म्हणाली, "बरं." द्रुपदा काही बोलली नाही. मला वाटलं, जिंकल्याचा आनंद असा हळूहळू उतरत असेल. वकिलाला असं वाटायची सवय असते.

या कायद्यात पैसे सरळ हातात येत नाहीत. मालक ते कमिशनरकडे भरतो आणि कमिशनर कोणाला किती, केव्हा द्यायचे ते ठरवतो. कौतिकाचा वाटा तिला लगेच मिळाला. मळ्याची मोट दुरुस्त झाली. द्रुपदाचं वय बघून तिचा वाटा साहेबांनी राखून ठेवला आणि थोडा थोडा द्यायचं ठरवलं. त्यासाठी ती अधूनमधून माझ्याकडे अंगठा द्यायला येई.

वर्ष-दीड वर्षानं तिचा पाट लागला, म्हणजे दुसरं लग्न झालं, केनवडच्या एका माळ्याशी. तो कौतिकानंच जुळवला. केनवडची माणसं चौकशीला आली तेव्हा त्यांनी ती जुनी गोष्ट काढलीच. कौतिकानं त्यांना सांगितलं म्हणे, पोराले मी आनलं होतं घरी, अकोल्याच्या कचेरीत लिवून हाय, जाऊन पाहा. कोणी पाहायला गेलं नाही. हळूहळू रिठदमध्येही सगळे तसंच म्हणू लागले. म्हातारीनं पोराला उठवून आणलं, असं आता बाजारात लोक कौतिकाच्या पाठीमागं बोलत. ती पाटी घेऊन पुढं चालत राही. एकदा मी तिला विचारलं, तुम्हाला हे ऐकून त्रास होत नाही का? ती वांगी मोजत होती. "बोलून राह्यले तं बोलू द्या," म्हणाली. "मलेई तं कोनाले बोलाचंच होतं ना."

लढाईच्या काळात एका हिवाळ्यात कौतिका गेली. मला उशिरा कळलं.

त्याच सुमारास द्रुपदा शेवटचे पैसे न्यायला आली. कडेवर मुलगी होती. अंगठा देऊन झाला तरी ती उठेना. मुलीच्या झग्याची गाठ सोडत बांधत बसली. मग म्हणाली, "एक इचारू का साहेब?"

"विचार."

"त्या कागदात तुमी वाचलं होतं, आईनं नेलं त्यात चूक नाई."

"हो."

"तवा मी खरं सांगतलं असतं. मी नेलं म्हनून. तं साहेबानं काय लिवलं असतं?"

"हेच लिहिलं असतं," मी म्हणालो. "कायदा एकच आहे. आई काय, बायको काय."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमाले पक्कं मालूम हाय?"

मी त्या साहेबापुढं किती दावे चालवले होते. त्यांचा चष्मा, त्यांचं ते गप्प बसणं, पिंजऱ्यातल्या तरण्या बाईकडे आणि म्हाताऱ्या बाईकडे बघण्यातला त्यांचा फरक, सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं.

"नाही," मी म्हणालो.

"हं," ती म्हणाली. "मलेई नाई."

तिनं मुलीला खांद्यावर घेतलं आणि केनवडची मोटार चुकू नये म्हणून भराभर पायऱ्या उतरून गेली.